बंद न होणारा प्रोग्रॅम

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र ते तापायलाच हवं होतं.

आमचा जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम हॉस्पिटलमधल्या मुलांच्या औषधाचा डोस वजनावरून काढतो. हिशोब किचकट, म्हणून साहेबांनी युक्ती लढवली. एकदा काढलेलं उत्तर टेंपररी फाइलमध्ये ठेवायचं आणि पुन्हा कुणी विचारलं की तेच पुढे करायचं. स्क्रीन झटपट उघडायला लागली आणि साहेबांची कॉलर ताठ झाली.

मग वॉर्डातून वहिनीचा फोन आला. ती तिथे नर्स आहे, आणि नणंदेची चूक काढायची संधी सहसा सोडत नाही. एका बाळाची सूज उतरून वजन घटलं होतं. नवं वजन तिने भरलंही होतं, तरी डोस जुनाच दिसत होता. तिला शंका आली म्हणून तिने औषध दिलं नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं, वजन बदललं की जुनी फाइल पुसलीच पाहिजे. ते म्हणाले, त्याने वेग कमी होईल आणि उद्या बडी मंडळी बघायला येणार आहेत. शिवाय फाइल टेंपररीच तर आहे, प्रोग्रॅम बंद झाला की आपोआप जाते.

"आणि हॉस्पिटल कधी बंद होतं, साहेब?"

मी वहिनीला डोस हाताने काढायला सांगितलं आणि साहेबांच्या देखत प्रोग्रॅम बंद केला. सगळ्या फायली गेल्या. ते म्हणाले, नोकरी जाईल. म्हटलं जाऊ दे, पण माझा बदल घातल्याशिवाय हा सुरू होणार नाही आणि मीही इथून हलणार नाही. आणि टाइप करायला बसले.

बदल तपासून प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा दुपार झाली होती. वहिनीला फोन लावला आणि साहेबांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"हळू झालंय गं हे," ती म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे रोखून बघितलं.

"थांब, आलं. डोस कमी दाखवतोय. मी हाताने काढला तेवढाच."

मी कीबोर्ड साहेबांपुढे सरकवला.

"जुनं परत घालायचं असेल तर घाला. पण स्वतःच्या हाताने."

त्यांनी कीबोर्डला हात लावला नाही.