झ्लातिनाचे एकतीस आणि पेतकोचे नऊ

मित्रांनो, त्या रविवारी झ्लातिनाला काय मिळणार होते ते आधी सांगते, मग माझी ओळख. नवशिक्यांच्या रेडिओ स्पर्धेत ती पहिल्या पाचांत आली असती, तर सोफियाला जाऊन तीन दिवसांची परीक्षा न देता तिला वरच्या वर्गाचा परवाना मिळणार होता. नवशिक्यांच्या परवान्यावर देशातल्या देशात संदेश पाठवता येतात. वरच्या परवान्यावर साऱ्या जगाला. झ्लातिना स्वेटरांच्या कारखान्यात कामाला होती. तिचे स्वेटर फिनलंडपर्यंत जात. ती स्वतः मात्र गावाबाहेर दोनदाच गेली होती, त्यातही एकदा दाढ काढायला. परीक्षेसाठी तीन दिवस रजा मागितली तेव्हा मुकादम नुसता हसला होता. आणि ही स्पर्धा परवान्याच्या पहिल्याच वर्षात देता येते. म्हणजे आयुष्यात एकदा.

पेतकोकाकांना काय मिळणार होते? काही नाही. शिकवणाऱ्याच्या नावाला अर्जात रकानाच नव्हता. ज्याला मिळवायचे काही नसते, तो माणूस फार बेफिकीर असतो, मित्रांनो.

आता माझी ओळख. मी एक जुनी मोर्सची कळ आहे. सोफियाच्या टपालखात्याच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. पितळेचा दांडा, खाली अक्रोडाची फळी, वर काळी गुंडी. गुंडी क्षणभर दाबली की टिंब, जास्त वेळ दाबून धरली की रेघ. जगातली सगळी सुखदुःखे मी या दोनांत पाठवली आहेत. आमच्या याब्लानोवोच्या टपालकचेरीत पेतको मालिनोव यांच्या हाताखाली मी एकतीस वर्षे काढली. काय तो हात! प्रत्येक रेघेच्या शेवटी ते एक हलकीशी ओढ देत, गाणारा शेवटचा सूर सोडताना देतो तशी. प्लोवदिवच्या कचेरीत बसलेला सिमेऑन त्यांचे पहिलेच अक्षर ऐकून म्हणे, "आला पेतको!" मोर्समध्ये हात लपत नाही. पत्रातले अक्षर ओळखतात तसा तो ओळखतात.

पुढे कचेरीत अक्षरे आपोआप छापणारी यंत्रे आली. पेतकोकाकांना निवृत्ती मिळाली, मला भंगारात काढल्याचा कागद. त्यांनी मला कागदासकट उचलले आणि गावच्या वाचनालयाच्या तळघरातल्या रेडिओ क्लबात आणून ठेवले. तिथे झ्लातिना माझ्याकडे आली. वय चौतीस, बोटांना लोकरीचा वास.

खरे सांगते, मला ती आवडली नाही. ती हळू होती. अक्षरे पाठ करायला तिने विणकामच धरले होते: टिंब म्हणजे सुलट टाका, रेघ म्हणजे उलट. कारखान्यातल्या बाया जेवणाच्या सुट्टीत तिला चिडवत. "अगं, त्या फिनलंडवाल्याच्या स्वेटरात काय निरोप विणतेस? बायको वाचेल की त्याची!"

"वाचू दे," झ्लातिना म्हणे. "गळा घट्ट झाला असेल तर तीच कळवेल."

दोन हिवाळे तिने माझ्यावर सराव केला. अगदी नवख्या बोटांसाठी पेतकोकाकांनी माझ्या दोन टोकांतली फट स्क्रू फिरवून मोठी केली होती. मी कुरकुरत तिचे टाके मोजायची. चूक मात्र एकही सापडेना.

स्पर्धा सकाळी आठ ते दहा. दोन तासांत जितक्या केंद्रांशी संपर्क होईल तितके गुण. पण दोन्ही बाजूंच्या वह्यांत तो संपर्क उतरलेला असला तरच. जुन्याजाणत्यांनीही नवशिक्यांना उत्तर द्यायचे, अशी पद्धत. झ्लातिनाने येताना बानित्सा, म्हणजे चीज भरलेली भाजलेली वडी, आणली होती, पण त्या खाण्याला कोणी हात लावला नाही. दहाला वीस मिनिटे उरली तेव्हा वहीत एकतीस संपर्क झाले होते. तेवढ्यात तिच्या मनगटात गोळा आला. तिने हात झटकला आणि पुन्हा गुंडीवर ठेवला.

"सरक गं जरा," पेतकोकाका म्हणाले.

"काका, जमतंय मला."

"जमतंय, पण घड्याळ थांबतंय का? पाच मिनिटं हात चोळ. सरक."

त्यांनी माझा स्क्रू सव्वा फेरा आवळला. मित्रांनो, इथे मी अडायला हवे होते. जुन्या कळीला काय, जरा धूळ धरली की झाले. पण मी अडले नाही, गायला लागले! इतक्या वर्षांनी तो हात! पाचाची वीस मिनिटे कधी झाली, काकांना कळले नाही आणि मला कळवायचे नव्हते. नऊ संपर्क झाले. शेवटून दुसरा प्लोवदिवचा सिमेऑन होता, तोही आता घरून रेडिओवर बसे.

वहीच्या शेवटी एक ओळ छापलेली होती: सर्व संदेश मी स्वतःच्या हाताने पाठवले. खाली सही.

"काका, ही सही मी कशी करू?"

"कर गं पोरी. टिंबांवर काय कोणाचं नाव लिहिलेलं असतं?"

ज्यांचा हात अर्धा देश नावानिशी ओळखत होता, ते हे म्हणाले. तिने सही केली.

सिमेऑनच्या मनात पाप नव्हते. त्याने आपल्या वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, आनंदाने लिहिले: 'याब्लानोवोहून आज पेतकोचा हात ऐकला. अजून तसाच आहे, थोर!' सोफियात परीक्षकांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या आणि झ्लातिनाची वही बाद केली.

निकालाचा कागद घेऊन पेतकोकाका तिच्या दारात गेले. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होते. तिलाच द्यायला नेले होते मला. पाचव्या आलेल्याचे छत्तीस संपर्क होते. झ्लातिनाने कागद वाचला आणि काकांपुढे कॉफी ठेवली.

"मला एका संपर्काला सव्वातीन मिनिटं लागत होती, काका. वीस मिनिटांत सहा झाले असते. सदतीस."

काकांनी मला खिशातून काढून तिच्यापुढे टेबलावर ठेवले.

"मी हळू होते," ती म्हणाली, "चुकत नव्हते."

मी टेबलावरच होते. तिने मला त्यांच्याकडे सरकवले आणि कप उचलून नेला. ती क्लबात पुन्हा आली नाही. मी कपाटात पडले, गंजले. पेतकोकाकांनी सोफियाला तीन पत्रे लिहिली. उत्तरादाखल नियमांची छापील प्रत आली.

मित्रांनो, माझ्यासारखीला तेल लावा, फडक्यात गुंडाळा, चांगलेच आहे. पण शिकणारा अडखळत असेल तर त्याच्या हातातले काम काढून घेऊ नका. त्याला अडखळू द्या. आणि काढून घेणाऱ्याच्या हातात गाऊ तर मुळीच नका.

हिशेब असा झाला. वही बाद, म्हणून त्या दिवशी तिच्याशी बोललेल्या चाळीस जणांचा एकेक गुण गेला. विदिनचा एक सुतार बरोबरीने पहिला आला असता, तो दुसरा आला. झ्लातिनाचे एकतीसही गेले, न झालेले सहाही गेले, आणि फिनलंड गेले. पेतकोकाकांचे नाव कुठल्याच रकान्यात नव्हते, त्यामुळे त्यांचे काही कापता आले नाही. उलट त्या वर्षी त्यांना सहा जुन्या मित्रांची पत्रे आली, हात अजून तसाच आहे म्हणून.