तोंड धनबीरचं, आवाज माझा

गणपतीत आमच्या तालमीचा सजीव देखावा बघायला निम्मं कोल्हापूर येतंय. त्यातले सगळे आवाज मी, जोतीराम, आधीच रेकॉर्ड करून ठेवतोय. बाकीच्यांनी स्टेजवर नुसती तोंडं हलवायची. राजापासनं रेड्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढलेत मी. उगं न्हाय सांगत.

औंदा देखावा म्हाताऱ्या बापाचा. पोरगं परदेशी निघालंय, बाप निरोप देतोय. आता बाप व्हायला कोण तयार? सगळ्यांस्नी मावळा व्हायचंय. तवा धनबीर थापा म्हणाला, "मी होतो की!"

धनबीर नेपाळचा. मिसरूड फुटायच्या आत हितं आला, आता साठीला टेकलाय. रंकाळ्यावर चायनीजची गाडी हाय. तालमीनं आजवर त्याला राक्षसाशिवाय काय केलं न्हाय.

"पण माझं मी बोलणार," तो म्हणाला.

"गप ए! तुझं मराठी ऐकून बाप्पा उठून जाईल," मी म्हणालो.

तोंड एवढंसं झालं त्याचं. तरी गाडीवर कांदा चिरताना संवाद चालूच. गिऱ्हाईक म्हणायचं, "मामा, मंचुरियन द्या, रडवू नका."

पाचव्या दिवशी ही गर्दी! स्पीकरवर माझा आवाज घुमला, "बाळा, तू जातोयस खरा..." आणि लाईट गेली. जनरेटरमध्ये आमच्या तालमीतल्या आदर्शनं डिझेलच भरलं नव्हतं, मुडदा बशिवला त्याचा! पब्लिक शिट्ट्या मारायला लागलं. मी बोलायला गेलो तर मला माझंच पाठ न्हाय. कागद बघून रेकॉर्ड केलेलं की!

मोबाईलच्या उजेडात धनबीरनं पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा बाळा. मागं बघू नगोस. तू बघितलास तर माझ्याच्यानं हुबं ऱ्हावणार न्हाय."

शिट्ट्या थांबल्या. बायकांनी पदर डोळ्याला लावले.

तो खाली आल्यावर मी खेकसलो, "हे माझ्या कागदात कुठं हुतं?"

"माझ्या बानं सांगितलेलं. बसमध्ये बसवताना," तो म्हणाला. "मी मागं बघितलंच न्हाय, जोती. परत गेलो तवा बा न्हवता."

मी आदर्शला त्याच्यासाठी चा आणायला पिटाळलं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढलेला. त्याला एका मालिकेवाल्यांचा फोन आला, वॉचमन होशील का? धनबीर म्हणाला, "बापाचं काम असंल तर सांगा," आणि फोन ठेवला. मी त्याला शिव्या घातल्या. पण चार दिवसांनी बापासाठीच बोलावणं आलं. पन्हाळ्यावर शूटिंग झालं, संवाद त्योच, व्हिडिओतला.

मग तालमीचे आवाज मी काढतोय हे कळून त्यांचा फोन मला. "काकांचे उच्चार वेगळे वाटतात. त्यांच्यासाठी तुम्ही आवाज द्याल का?"

आयला! जन्मभर ह्याच फोनची वाट बघितलती मी. पण तोंडातनं भलतंच गेलं. त्यातलं निम्मं छापण्यासारखं न्हाय. उरलेलं एवढंच, "त्याच्या बापाचं बोलणं हाय ते. त्योच बोलंल."

मालिका लागली तवा सगळी तालमीत गोळा झालो. धनबीर बोलला, त्याच्याच आवाजात. कुणाचं तरी नाक सूं सूं वाजलं.

माझंच हुतं. पण शिव्या मी आदर्शला घातल्या.