रंगारघाटाचं कीर्तन

संगमनेरात प्रवरेच्या काठाला रंगारघाट नावाची आळी आहे. एके काळी तिथल्या प्रत्येक घराचं मोठं दार पाण्याकडं उघडायचं. दारात भट्ट्या, भट्ट्यांवर हंडे आणि हंड्यांत उकळणारा रंग. घाटाच्या शेवटच्या पायरीला पाण्यालगत एक रुंद काळा धोंडा आहे. त्यावर रंगारी कापड आपटायचे, आणि वर्षातून एकदा, सप्ताहात, त्याच धोंड्यावर उभं राहून कीर्तनकार कीर्तन करायचे. ऐकणारे पायऱ्यांवर बसायचे. धोंड्यावर जाजम अंथरायचा मान नूरमहंमद रंगाऱ्याच्या घराण्याचा. जाजम त्यांनीच रंगवायचं, त्यांनीच घालायचं.

मग बाजारात तयार कपडे आले आणि हंडे पालथे पडले. वरचा रस्ता रुंद झाला तशी लोकांनी रस्त्याकडं नवी दारं पाडली, नदीकडची विटांनी बुजवली. पुढं घरंही गेली आणि त्या जागी इमारती उभ्या राहिल्या. यंदा तर घाटाला फरशी लागली, कठडा आला, दिवे आले. सगळं देखणं झालं, फक्त सप्ताहाला माणूस येईनासा झाला होता.

“आज घाट भरला तर सप्ताह इथंच,” आप्पासाहेब रोहिणीला म्हणाले. सप्ताहाचे अध्यक्ष तेच, घाटावरच्या नव्या इमारतींच्या सोसायटीचे चेअरमनही तेच. “न्हाई भरला, तर पुढच्या वर्षी हायवेच्या लॉन्सवर. तिथं पार्किंग हाय, पंखे हायेत. मग माझ्या नावानं बोटं मोडायची न्हाईत.”

“बोटं मोडायला सवड कुठं, आप्पा? हातात टाळ असतात,” रोहिणी म्हणाली आणि तिनं खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

रोहिणी याच आळीची लेक. तिचा रंगारी बाप इथल्या सप्ताहात मृदंग वाजवायचा. मृदंगाच्या मागं बसूनच ती कीर्तन शिकली. आज कोल्हारपासून घोडेगावपर्यंत तिला बोलावणी येतात, पण रंगारघाटाची सेवा तिला पहिल्यांदाच मिळाली होती. ती शेवटचीही ठरावी, हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

आप्पासाहेबांनी मांडव घातला होता वर, रस्त्याच्या तोंडाला, दोन इमारतींच्या मधल्या बोळात. लोकांना गाडीतून उतरलं की बसता यावं म्हणून. संध्याकाळी सप्ताहाचं पहिलं कीर्तन सुरू झालं. नमन झालं, अभंग लावला, रोहिणी निरूपणाला उभी राहिली, तोच पाठीमागून टेम्पोचा हॉर्न. विठ्ठलाचं नाव घ्यावं, तर मध्येच बसचा ब्रेक. पाठीमागच्या खुर्च्यांवरची माणसं एकेक करून उठली. आप्पासाहेब रिकाम्या खुर्च्यांकडं बघत मान हलवत होते.

रोहिणीनं समोर पाहिलं. बोळाच्या पार टोकाला, खाली, पाण्याशी धोंडा दिसत होता, आणि धोंड्यावर हळदी रंगाचं कोरं जाजम. मांडव वर गेल्याचं नूरचाचांना कुणी सांगितलंच नव्हतं! ते दुपारीच येऊन, सालाबादप्रमाणे अंथरून, शेजारच्या पायरीवर बसले होते.

आणखी एक गोष्ट तिला दिसली. दोन्ही इमारतींच्या गॅलऱ्या नदीकडं होत्या. शेतीसाठी धरणाचं आवर्तन सुटलेलं, पाणी पायरीला लागलेलं. गॅलऱ्यांतून माणसं चहाचे कप घेऊन पाणी बघत बसली होती. एवढी माणसं! आणि आपण त्यांच्या पाठीमागं ओरडतोय.

तिनं माईक बाजूला केला. “मच्छिंद्रदादा, वीणा घेऊन पुढं चला. खाली.”

वीणेकरी मच्छिंद्र गडबडला. “ताई, उभं कीर्तन सोडून कुठं जायचं? मोडलं तर दोष लागंल.”

“गजर थांबला तर मोडेल. थांबवूच नका. विठ्ठल विठ्ठल!”

टाळ कडाडले. वीणा पुढं, रोहिणी मागं, टाळकरी नि मृदंग त्यांच्यामागं. खुर्च्यांमधून वाट काढत गजर पायऱ्या उतरू लागला. बसलेले लोक वळून बघायला लागले आणि उठून चालायला लागले.

“किती वाट बघायची?” नूरमहंमद खालून म्हणाले. “आता तुला महाराज म्हनायचं का पोरी म्हनायचं?”

“पोरीच म्हणा, चाचा. जाजम तुमचंच आहे.”

जाजमावर उभी राहून ती घाटाकडं वळली. मागं पाणी, समोर उंच भिंती. आवाज असा उठला, की माईकची आठवण कुणाला राहिली नाही. गॅलऱ्यांतल्या माना वळल्या.

“माउली, हे रंगारी काही इथं उगवले नव्हते,” ती म्हणाली. “गाढवावर हंडे लादून परगावाहून आले. पाणी बघून राहिले. प्रवरेनं विचारलं नाही, तुम्ही नवे की जुने. आता बघा, रंगवलेलं कापड पाण्यात धरलं की पाणी रंगतं. वाटतं, गेला सगळा रंग. पण नदी नेते तो कच्चा रंग. पक्का बसलेला कापडातच राहतो...”

“तुरटी विसरलीस!” नूरमहंमद ओरडले. “तुरटीबिगर रंग बसतो व्हय? बापाला विचारायचं हुतं.”

घाट हसला. रोहिणीही हसली. “तुरटी सांगायचीच होती, चाचा. देवाचं नाव हीच तुरटी. ते घातलं, की कुठल्याही गावचं कापड रंग धरतं.”

वरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, अश्विनी नावाच्या बाईनं हाक दिली. दूध संघात नोकरीला, गेल्याच वर्षी इथं राहायला आलेली. “ताई, आम्ही खाली येऊ का? मागच्या फाटकाला कुलूप असतं!”

“किल्ली कुणाकडं?”

“चेअरमन साहेबांकडं!”

सगळ्या घाटानं आप्पासाहेबांकडं पाहिलं. ते पायऱ्यांच्या वरच्या टोकाला उभे होते. चोराचिलटाच्या भीतीनं कुलूप त्यांनीच लावलं होतं. ते उघडायचं म्हणजे आपल्या हातानं पैज हरायची.  रोहिणीनं पुन्हा गजर धरला आणि आप्पासाहेबांकडं बघत टाळ वाजवत राहिली. तिला ठाऊक होतं, हा माणूस हेकट असला तरी टाळाच्या आवाजाला पाठ फिरवणारा नाही.

आप्पासाहेबांनी खिसे चाचपले. “आता शोधू तर द्या!” असं उगाच कुणावर तरी खेकसले आणि फाटकाशी गेले. गंजलेलं कुलूप दोनदा अडलं, मग सुटलं. फाटकातून माणसं उतरली, कुणी घरच्या चपलांत, कुणी हातात तसाच कप घेऊन. पायऱ्या भरल्या, कठड्याशी दाटी झाली, आणि आप्पासाहेबांनाच बसायला जागा उरली नाही. अश्विनीनं सरकून त्यांना पायरीवर जागा दिली.

आरती झाली. रोहिणी घामानं निथळत धोंड्यावरून उतरली, तेव्हा मांडववाला विचारायला आला होता, की उद्याच्या कीर्तनाला खुर्च्या वर मांडायच्या का.

“वर कशाला?” आप्पासाहेब म्हणाले. “समदं गुंडाळ. माणसं पायरीवर बसत्यात, डोळ्यांनी बघितलंस न्हाई का? आणि रोहिणी, पुढच्या वर्षी कुनाला तारीख द्यायच्या आधी मला फोन कर.”