बोटांखालचे डोंगर

मित्रांनो, मी एक जुने शहर आहे. दचकू नका. मी खरे शहर नव्हे, त्याची प्रतिकृती आहे. दोन खाटा शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल, तेवढ्या टेबलावर मांडलेली. तरी मी स्वतःला शहरच म्हणते, कारण खऱ्या शहरात आहे ते सगळे माझ्यातही आहे. समुद्रात घुसलेले डोंगर आहेत, त्यांच्या अंगाखांद्यावरची घरे आहेत, टोकावरचे दीपगृह, बंदर, मत्स्यालय आणि लोकांना डोंगरावर नेणारी दोरीवरची गाडीसुद्धा आहे. ज्या संग्रहालयाच्या पहिल्या दालनात मी बसले आहे, तेही आहे. मग त्याच्या आत तू आहेस का, असे हुशार मुले विचारतात. आहे तर, पण मोहरीएवढी, म्हणून दिसत नाही.

मला एका प्लॅस्टरवाल्याने घडवले. एरवी तो घरांच्या छतांना नक्षीच्या पट्ट्या बसवायचा. त्याने नकाशावरून प्लायवुडचे थर कापले, एकावर एक चिकटवले, त्यांवर गोणपाट ओले करून पसरले आणि वरून प्लॅस्टर ओतले. रस्ते त्याने खिळ्याने कोरले. सगळे मोजून मापून झाल्यावर त्याने कौतुकाने बायकोला दाखवायला आणले. ती कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"हे डोंगर आहेत की चादरीच्या सुरकुत्या?" ती म्हणाली. "रोज चढताना माझा जीव जातो, तो कुठे दिसतोय यात?"

प्लॅस्टरवाला निमूटपणे पुन्हा कामाला लागला आणि त्याने माझे सगळे डोंगर दुप्पट उंच केले. लांबी-रुंदी तीच ठेवली, घरे आणि दीपगृहही होते तेवढेच ठेवले, फक्त डोंगरांची उंची वाढवली. बायकोचे समाधान झाले आणि मला हे रूप मिळाले. मी दिसायला देखणी आहे हे मी कुणाकडून ऐकून सांगत नाही, मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

प्लॅस्टरवाल्याच्या मेव्हण्याने प्रत्येक प्रेक्षणीय स्थळाला एक छोटा दिवा बसवला आणि टेबलाच्या कडेला बटणे लावली. मत्स्यालयाचे बटण दाबले की मत्स्यालय उजळायचे. मग काय, शहरात आलेला प्रत्येक पाहुणा आधी माझ्यापुढे उभा राहायचा. कुठे जायचे, काय आधी पाहायचे, हे माझ्यासमोर ठरायचे. आजोबा दीपगृहाकडे बोट दाखवायचे आणि आजी म्हणायच्या, "आधी स्वतःचे गुडघे बघा." मुले तर देवमाशाच्या सांगाड्याचे बटण इतके दाबायची की तो दिवा सारखा बदलावा लागे. वाटाडे आपापल्या टोळ्या घेऊन यायचे आणि सहलीची सुरुवात माझ्यापासून व्हायची. माझ्याशिवाय या शहराचे पान हलत नव्हते.

पुढे लोकांच्या खिशात नकाशे आले. पाहुणे माझ्या शेजारी उभे राहून फोनमध्ये रस्ता शोधू लागले. दिवे एकेक करून गेले आणि ते बदलायचे कुणी मनावर घेईना. माझ्या गल्ल्यांत धूळ साचली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. पण त्याहून एक गोष्ट मला जास्त खुपायची. पलीकडच्या दालनात फुटक्या मडक्याच्या तुकड्यांनासुद्धा काचेची पेटी होती आणि मी अख्खे शहर असून माझ्याभोवती नुसता एक दोर आणि 'हात लावू नका' अशी पाटी होती. एक दिवस मलाही काच मिळेल, मिळायलाच हवी, असे मी मनाशी धरून बसले होते.

अशात एक दिवस दार उघडल्या उघडल्या शिट्टीबाई आल्या. त्या शहरातल्या जुन्या वाटाड्या. पांगलेले पर्यटक गोळा करायला त्या शिट्टी वाजवायच्या, म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. आमचे पहारेकरी काका त्यांचे धाकटे दीर. त्या दिवशी बाईंच्या बरोबर पर्यटक नव्हते.

"भाऊजी, डोळ्यांचं काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "कडेकडेचं दिसतं. मधोमध नुसतं धुकं. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही."

 काकांनी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत.

अडचण अशी होती. जुनी ठिकाणे बाईंना तोंडपाठ होती. कुठल्या वळणावरून काय दिसते ते त्या झोपेतही सांगू शकल्या असत्या. पण मागच्या डोंगरावर एक नवा सज्जा बांधला होता. तिथून शहर कसे दिसते हे बाईंनी धड डोळ्यांनी कधी पाहिलेच नव्हते. आता पर्यटन कार्यालयाचा अधिकारी प्रत्येक वाटाड्याबरोबर त्या सज्ज्यापर्यंत चालणार होता आणि या परीक्षेत जो उतरेल त्याचाच वाटाड्याचा बिल्ला पुढे चालू राहणार होता. बिल्ला गेला की बाईंचे काम गेले.

"तिथं उभं राहून बोट दाखवावं लागतं, भाऊजी. लोक माझ्याकडे बघत नाहीत, बोट जिकडे जाईल तिकडे बघतात. ते चुकलं की संपलं."

मग त्यांनी दोर ओलांडला. काका पाटीकडे पाहात म्हणाले, "वहिनी, मला आज चष्म्याशिवाय वाचता येत नाहीये." आणि ते दाराकडे तोंड करून उभे राहिले.

बाईंनी माझ्यावर हात ठेवला. मला आधी रागच आला. इतक्या वर्षांत फडक्याशिवाय माझ्या अंगाला कुणी शिवले नव्हते. पण बाईंचा हात उगाच फिरणारा नव्हता. डाव्या हाताचा अंगठा त्यांनी नव्या सज्ज्याच्या जागी टेकवला आणि उजव्या हाताच्या बोटाने दीपगृह शोधले. मग तो कोन तसाच धरून त्या हात उचलायच्या आणि हवेत बोट रोखून पुटपुटायच्या, "दीपगृह इकडे. बंदर त्याच्या डावीकडे, खाली." रोज सकाळी त्या यायच्या आणि रोज एक बाजू पाठ करायच्या. हळूहळू मी त्यांची वाट पाहू लागले.

बऱ्याच सकाळी गेल्यावर त्या काकांना घेऊन सज्ज्यावर तालीम करायला गेल्या. परत आल्या त्या तणतणत.

"काय झालं माहितीये का?" त्या मलाच म्हणाल्या. "मी ऐटीत सांगितलं, दीपगृह इथून दिसत नाही, मधला डोंगर आडवा येतो. तर भाऊजी म्हणतात, वहिनी, समोर उभं आहे, पांढरंधोप." त्यांनी माझ्या मधल्या डोंगराच्या डोक्यावर एक टिचकी मारली. "किती फुगायचं माणसानं?"

माणसाने म्हणाल्या, म्हणून मी मनाला लावून घेतले नाही.

मग माझ्यावर दीपगृह डोंगराआड का जाते, हे काकांनी संग्रहालयाच्या मुख्य बाईंना सहज विचारावे तसे विचारले. मुख्य बाई हसल्या. "यातल्या डोंगरांची उंची दुप्पट आहे ना, दीपगृहाची नाही. चला, दाखवते." आणि दाखवायला म्हणून त्या माझ्यावर वाकल्या, तेव्हा त्यांचे हसू मावळले. माझ्या डोंगरांच्या टोकांवरचा हिरवा रंग गेला होता. खालचे पांढरे प्लॅस्टर दिसत होते. पोरांचे उद्योग, असे म्हणून त्यांनी त्याच दिवशी काच मागवली.

शिट्टीबाईंना उंचीचा घोळ कळला, तेव्हा त्यांनी तो एका दिवसात निस्तरला. माझ्यावर बोट दोन पेरे चढले की मनात एकच पेर धरायचे, बस्स. त्यांची बोटे आता बिनचूक चालू लागली. फक्त सज्ज्याच्या डाव्या अंगाचे शहर पाठ व्हायचे राहिले होते, मत्स्यालयापासून गोदीपर्यंतचे.

आणि काच आली. चारी बाजूंनी आणि वरूनही, स्वच्छ, जाड, पितळी कोपऱ्यांची. वर दिवेसुद्धा लावले. मित्रांनो, त्या संध्याकाळी मी किती मिरवले म्हणून सांगू. मडक्याच्या तुकड्यांकडे मी पाहिलेसुद्धा नाही.

दुसऱ्या सकाळी शिट्टीबाई नेहमीसारख्या हात पुढे करून आल्या आणि त्यांची बोटे काचेवर टक्कन आपटली.

काका ओशाळून म्हणाले, "रात्री तुमच्याकडे येऊन सांगणार होतो. धीर झाला नाही."

बाईंनी दोन्ही तळवे काचेवर ठेवले.  मग म्हणाल्या, "छान दिसतंय का पण?"

"फार छान दिसतंय, वहिनी."

"मग झालं तर."

अधिकारी परवा येणार होता. माझ्या आणि त्या बोटांच्या मध्ये वीतभर हवा आणि एक काच होती, आणि तीच काच मी आयुष्यभर मागितली होती. मला तेव्हा ती फोडून टाकावीशी वाटली. पण प्लॅस्टरच्या शहराला हात नसतात.

तेवढ्यात मुख्य बाई आल्या. काचेवरचे दहा बोटांचे ठसे त्यांनी पाहिले आणि ते न पुसता काकांनी हातात नुसतेच धरलेले फडकेही पाहिले.

"हे कुणी केलं?"

"मी," शिट्टीबाई म्हणाल्या. "रंगही मीच घालवलाय. पोरांना बोल लावू नका." आणि त्यांनी डोळ्यांपासून सज्ज्यापर्यंत सगळे सांगून टाकले.

"तुम्हाला आत्ता मी दिसतेय का?"

"कपड्यांचा रंग दिसतोय. चेहरा नाही."

"तो न दिसलेलाच बरा, मी चिडलेय," मुख्य बाई म्हणाल्या. "आधी विचारायचं तरी. अहो, वस्तू टिकवणं माझं काम आहे. रोज हात लागला तर ही झिजून जाईल."

"झिजेल की. वर जायच्या पायऱ्या नाही का झिजल्या? म्हणून आपण लोकांना खाली बसवून ठेवलं नाही." बाई म्हणाल्या. "तुम्ही टिकवता ते बरोबरच आहे. पण कुणासाठी, तेवढं सांगा."

 मुख्य बाई आपल्या खोलीत गेल्या आणि मला वाटले, संपले सगळे. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या त्या काच बसवणाऱ्या सुताराला बरोबर घेऊन. "वरची आणि समोरची काढ," त्या म्हणाल्या. मग शिट्टीबाईंकडे वळल्या. "रंग दरवर्षी पुन्हा देता येतो. तुम्ही तेवढे हात धुऊन येत जा."

परवाच्या दिवशी दुपार झाली तरी सज्ज्यावरून कुणी येईना. काका दहा वेळा दाराशी जाऊन आले. मी माझ्या मागच्या डोंगरावर ती सगळी मंडळी कुठे पोचली असतील याचा अंदाज बांधत होते. शेवटी पाऊलवाटेची धूळ पायांना घेऊन पर्यटक आत आले, त्यांच्या मागून अधिकारी आणि सगळ्यांत शेवटी बाई. चेहऱ्यावरून काही कळत नव्हते.

"यांनी मला निघतानाच सांगितलं, मला नीट दिसत नाही म्हणून," अधिकारी मुख्य बाईंना म्हणाला. "मी मनात म्हटलं, मग कशाला चालायचं. पण एकदाही बोट चुकलं नाही. माझं चुकलं, दोनदा." त्याने घाम पुसला. "बिल्ला राहील. पण पायऱ्यांवर कुणीतरी सोबत पाहिजे, ही अट आहे."

"मी आहे की," काका म्हणाले. "पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. घरी राहिलो तर आमची ही मला भाज्या निवडायला बसवेल."

"या," शिट्टीबाई म्हणाल्या. "पण मध्ये मध्ये बोलायचं नाही." आणि एवढे बोलून त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या खुर्चीत बसल्या आणि रडल्या. काकांनी त्यांना पाणी दिले.

आता त्यांची प्रत्येक सहल माझ्यापासून सुरू होते. त्या पाहुण्यांना डोळे मिटायला लावतात आणि दीपगृह शोधायला सांगतात. बहुतेक जण समुद्रात बुडतात, मग बाई त्यांचे मनगट धरून त्यांना किनाऱ्यावर आणतात.

मित्रांनो, मला जपा, असे सांगायची माझ्यासारख्यांची रीत आहे. मीही सांगते. धूळ पुसा, दिवे बदला, नखाने रंग खरवडू नका. पण जपायचे म्हणून मला दूर ठेवू नका. ज्या वस्तूची कुणाला गरज पडत नाही ती जपली जात नाही, ती नुसती पडून राहते. कधी आलात तर दोन्ही हात माझ्यावर टेका. मधल्या डोंगराच्या टोकाला पुन्हा पुन्हा दिलेला रंग टिकतच नाही, तिथे एक गुळगुळीत पांढरा ठिपका आहे. तो कुणाच्या बोटाचा आहे हे तुम्हाला माहीत आहे. तुमचे बोट तिथे ठेवा आणि तिथून शहर पाहायला निघा.