कोपरा फाटलेलं कार्ड

मी टपालाचं कार्ड बोलतोय. कुणीही वाचावं म्हणून उघड्या अंगानं जन्मलो, अन् मला आजवर कुणी वाचलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या आषाढात वऱ्हाडातल्या छावणीत वीरुपाक्षनं मला लिहिलं. निजामाविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून तो गाव सोडून हद्दीपार पळालेला. टपालात टाकलं तर भलताच वाचेल, म्हणून त्यानं मला लिंबाजी बैलवाल्याच्या हाती दिलं. लिंबाजीनं पटक्यात खोचलं. पूर्ण्याच्या अलीकडं नाक्यावर झडती! पटका सोडता सोडता त्यानं मला घाईनं अंगातल्या बंडीत सारलं, अन् माझा कोपरा फाटून पटक्यातच राहिला. त्या गड्याला पत्ताही नाही. चुडाव्याशेजारच्या गावी वीरुपाक्षच्या घरी भरदुपारी दाराच्या फटीतून मला आत ढकललं अन् कुणी बघायच्या आत तो चालता झाला.

आता माणसांची रीत बघा. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर. ते वाचायचं नाही, घरात ठेवायचं नाही.

वीरुपाक्षची आई मल्लम्मा मला बघून मटकन खाली बसली. "शांते, गेला गं माझा लेक!"

"आत्याबाई, वाण्याकडून वाचून तरी घिऊ," सून म्हणाली.

"काय वाचायचं ऱ्हायलंय आता? कोपरा दिसंना का तुला?"

अहो, कोपरा दिसला, मग शाई का दिसत नाही? लय शहाणी तुमी माणसं! सांज व्हायच्या आत शांतम्माच्या बांगड्या फोडल्या.

मला फाडायला मात्र तिचा हात धजला नाही. माळवदाच्या लाकडाआड तिनं मला लपवलं. भादव्यात निजाम हरला. पळालेले गडी एकेक करून परतायलेत. वीरुपाक्ष आला नाही, अन् त्याचं कुणाला नवलही वाटलं नाही.

सासू शेतात गेली की शांतम्मा मला खाली काढते. नवऱ्यानं तिला एवढंच शिकवलं होतं, स्वतःचं नाव. त्या 'शांता'वर बोट ठेवते अन् रडते. बोट तिथून पुढं सरकत नाही.

त्याच्याच खाली लिहिलंय: "मी खुशाल हाय. पहिल्या श्रावण सोमवारी आईला घिऊन चुडाव्याच्या टेशनावर ये, गर्दीत कुणी वळखणार न्हाई. निजामाची माणसं गावं जाळायलीत असं ऐकतो; तुमी न्हाई आलात तर दोघी या जगात न्हाईत असं समजीन, अन् पुन्ना या मुलखात पाय ठेवणार न्हाई."

तो सोमवार कधीच गेला.

शांताबाई, रडून माझी शाई पुसू नका. वाण्याकडं जा. उशीर झालाय, पण मला वाचून घ्या.