जांभळाखालचं बनियन

माझं डोकं फिरलं ते त्या एका ओळीने. ‘सदर जांभळाचे झाड रोगट व पोकळ असून धोकादायक आहे.’ खाली माझं नाव छापलेलं आणि सहीला जागा सोडलेली. का, तर मी तीस वर्षं माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. माझी सही असली की झाड तोडायची परवानगी पटकन मिळेल, असं आमच्या सोसायटीचे चेअरमन आप्पासाहेब यांचं गणित.

“आप्पासाहेब, रोग झाडाला नाही, मातीला झालाय,” मी म्हटलं. “तीन वर्षांपूर्वी तुम्ही पार खोडापर्यंत ब्लॉक ठोकलेत. खाली मुरूम, खडीची कच, वरून रोलर. मुळांना ना पाणी, ना हवा. पानं वाळतील नाही तर काय?”

“अहो ताई, माती ती माती. तिला कसला आलाय रोग?”

खरं दुखणं मला ठाऊक होतं. जांभळं गाड्यांवर पडतात आणि डाग जात नाहीत. मग तसं सरळ लिहा की!

मी आमच्या ह्यांची दोन नवीकोरी सुती बनियन घेतली. त्यातलं एक, झाडाजवळचा ब्लॉक पहारीने उचकटून, वीतभर खाली पुरलं. दुसरं पंपाच्या खोलीमागे, जिथे झाडलोट करणाऱ्या वेणूबाई पालापाचोळा टाकतात तिथे. “आता माझे कपडेही पेरणार का?” हे म्हणाले. अहो, जिवंत मातीत सुती कापड दोन महिन्यांत फस्त होतं, जिवाणू ते खाऊन टाकतात. मेलेल्या मातीत ते तसंच पडून राहतं. यापेक्षा सोपा पुरावा कुठून आणू?

दोन महिन्यांनी रविवारच्या मीटिंगला सगळ्यांसमोर मी दोन्ही उकरली. पंपामागचं निघालं म्हणजे काय, शिवणीचा दोरा, लेबल आणि दोन जाडजूड गांडुळं. झाडाजवळचं मात्र अख्खं. मळकं होतं, पण धुऊन घालण्यासारखं.

मला वाटलं, आता तरी बोलती बंद होईल. तर आप्पासाहेब म्हणतात, “बघा! किती स्वच्छ माती आहे. कपडासुद्धा खराब झाला नाही!”

आणि लोक हसले हो! चांगली शिकलीसवरलेली माणसं. हिंजवडीत नोकरी करणारा आमचा सेक्रेटरी शौनक तर खो खो हसला. “काकू, जस्ट साइन करा ना. फॉरमॅलिटी आहे.”

“डोंबलाची फॉरमॅलिटी! अरे, जिथे बनियन कुजत नाही तिथे झाडाला खायला काय मिळणार? बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढा, शेणखत घाला, दोन पावसाळे थांबा. नाही पालवलं तर मी स्वतः सही करते.”

“आणि दोन गाड्या कुठे लावायच्या?” आप्पासाहेब म्हणाले. आलं एकदाचं पोटातलं ओठावर. मी कागद सही न करता परत दिला.

सही त्यांनी दुसरीकडून आणली, ज्याने आमचं फाटकसुद्धा पाहिलं नव्हतं अशा कुणा तज्ज्ञाची. गुरुवारी मी मार्केट यार्डातून भाजी घेऊन येईपर्यंत झाड आडवं झालं होतं. पिशवी तिथेच टाकली आणि उरलेल्या गुडघाभर बुंध्यापाशी बसले. पोकळ म्हणे! कुठे कीड नव्हती, भोक नव्हतं. सालीपासून गाभ्यापर्यंत घट्ट, ओलं लाकूड होतं. त्यावर हात फिरवला आणि मला रडूच फुटलं, निव्वळ संतापाने.

आप्पासाहेब जिन्यातून आले. “झालं ते झालं, ताई. मनाला लावून घेऊ नका.”

“इथे वाका आणि हात लावून बघा,” मी म्हटलं. “दाखवा मला, कुठे आहे रोग?”

ते वाकले. डोळे बारीक करून बुंधा नीट पाहिला. मग करवतवाल्या सीतारामला म्हणाले, “अजून खालून काप रे. गाडीच्या बंपरला लागेल.”