त्यांचे ठेवा

अप्पांच्या नावाआधी "कालकथित" हा शब्द मीच टाकला. आमच्यात कैलासवासी लिहीत नाहीत. टाकून दोनदा खोडला, पण रविवारी आमच्या पाचोडच्या विहारात त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता आणि तिथं त्यांचं पान पडद्यावर दाखवायचं होतं. मराठवाड्यातल्या भीमगीत गायकांची गाणी साठवलेला डेटाबेस मी पुंडलिकनगरच्या ऑफिसात बसून सांभाळते. प्रत्येक गायकाचं एक पान. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मोतीरामांचं पान तेवढं अपुरं होतं. शेवटच्या गाण्याचं शेवटचं कडवं त्यात नव्हतं. दवाखान्यात ते म्हणाले होते, "झालंय गं लिहून. फोनात हाय." त्यांच्यामागं तो फोनच कुणाला सापडेना.

गुरुवारी दुपारी डबा उघडत होते, तेवढ्यात पडद्यावर लाल पट्टी आली. एकाच पानात दोन ठिकाणांहून वेगवेगळे बदल झाले की यंत्र अडून बसतं आणि कुठली प्रत ठेवायची ते माणसाला विचारतं. दोन संपादक एकाच ओळीवर तुटून पडतात आणि निस्तरायचं मी, हे रोजचंच. यावेळी एक प्रत माझी होती. दुसरीखाली नाव होतं, मोतीराम. वेळ आत्ताची.

मी भुताखेतांना मानत नाही. अप्पांनी मानू दिलंच नाही. तरी अंगावर काटा आला. त्या प्रतीत "कालकथित" नव्हता. खाली एक नवी ओळ दिसत होती: "शेवटचं एक सांगतो, ऐका पाचोडकर". पुढचं वाचायला प्रत उघडावी लागणार होती आणि माझं बोट काही केल्या हलेना. उठले, तोंडावर पाणी मारून आले.

परत येऊन बघते तर लाल पट्टी गेलेली. नावाआधी "कालकथित" तसाच, नवी ओळ गायब. नोंदीत लिहिलं होतं, "वाद मिटवला: मोतीराम."

मला रडू कोसळलं. आपण गेलो हे अप्पांनी स्वतःच मान्य केलं, असंच वाटलं मला. शेजारच्या टेबलावरच्या अभयनं सगळा डेटाबेस पालथा घातला. जागा वाचवायला आमच्याकडं वादात हरलेली प्रत लगेच पुसली जाते, फोनातलीसुद्धा. "हे अप्पांच्या फोनवरूनच झालंय, त्यात आपलं ॲप होतं ना," तो म्हणाला. "घरी विचार."

मी पाचोडला आईला फोन लावला.

"सापडला की गं! पेटीच्या खोक्यात व्हता. चार्जिंगला लावला, तर चालू झाल्या झाल्या इचारायलाच लागला."

"काय विचारलं?"

"दोन बटनं आली. 'माझे ठेवा' अन् 'त्यांचे ठेवा'. लई येळ बघत बसले. माझं काय हाय त्याच्यात? म्या 'त्यांचे' दाबलं."

ज्या शहाण्यानं ती बटनं मराठीत आणली, त्याला नवऱ्याचं नाव न घेणारी बाई कधी भेटलीच नसावी. फोनाच्या लेखी "माझे" म्हणजे फोनातलं, अप्पांनी लिहिलेलं. "त्यांचे" म्हणजे बाहेरून आलेलं, मी लिहिलेलं. सगळा संसार आईनं अप्पांना "ते" म्हणूनच केला. तिच्यासाठी दुसरं कुणी "ते" नव्हतंच.

"विशाखा, ऐकतीस ना? बरुबर दाबलं ना म्या? राहिलं ना त्यांचं?"

मी पडद्यावरची ती नोंद पुन्हा एकदा वाचली.

"राहिलं, आई."

"मग रविवारी तूच म्हन ते कडवं. समद्यांना ऐकू दे."